अर्ध्या वाटेवरची खुर्ची

१

बाइंडरच्या तोंडी दिवसातून दहा वेळा तरी एक वाक्य असायचं, "खळ वाळली की आलोच." खळ म्हणजे पुस्तकाच्या पाठीला लावायची चिकट लापशी. ती वाळायला तासभर लागतो, आणि एका पुस्तकाची वाळेपर्यंत दुसऱ्याची ओली असते, त्यामुळे हा तास गेली चाळीस वर्षं संपलेला नव्हता. जेवायला हाक मारली तरी खळ आणि लेकीच्या शाळेतून बोलावणं आलं तरी खळ. लेकीच्या लग्नात घरच्यांनी काढलेल्या एकुलत्या एका फोटोत तो कडेने धावत येताना दिसतो, त्याचंही कारण तेच.

घर लांबट होतं. पुढची लांबलचक खोली, मग बाईंची खोली, मग अरुंद, आखूड बोळ, स्वयंपाकघर, अंगण, आणि अंगणाच्या टोकाला त्याची पत्र्याची शेड. सगळं एका रांगेत. शेडमध्ये पुठ्ठे, कापडाचे तागे, सुयादोरे आणि पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. त्याचा दांडा फिरवला की तो अशी काही कुरकुर करायचा की घरभर ऐकू जायची. कुरकुर ऐकू आली म्हणजे बाइंडर कामाला लागला, हे बाईंना पूर्वी घड्याळ न बघता कळायचं.

बाई म्हणजे त्याची बायको. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, आणि थट्टेथट्टेत तोही म्हणू लागला होता. दोन वर्षांपूर्वी बाईंची आठवण त्यांना सोडून जायला लागली. आधी किल्ल्या कुठे ठेवल्या ते गेलं, मग आठवड्याचे वार गेले, मग माणसं. राहिली ती हजेरी. रोज दुपारी तीनच्या सुमारास बाई पलंगावर ताठ बसत, मांडीवर नसलेलं रजिस्टर उघडत आणि बेचाळीस मुलांची हजेरी घेत. "क्रमांक एक. क्रमांक दोन." कुणी 'हजर' म्हणालं तर ठीक. चार-पाच आकडे उत्तराविना गेले की त्या कासावीस होत आणि हरवलेली मुलं शोधायला उठत. पलंगापासून फाटकापर्यंत त्यांना तीस सेकंद लागत, आणि फाटकाबाहेर रस्ता होता.

असं दोनदा झालं होतं. लेक दूरच्या शहरात होती. तिने एक जागा बघून ठेवली होती, जिथे अशा माणसांना सांभाळतात. बाग आहे, प्रत्येकाला स्वतंत्र पलंग आहे, रविवारी भेटता येतं. "बाबा, तिसऱ्यांदा झालं तर मी विचारणार नाही, घेऊन जाईन," असं ती म्हणाली होती. तेव्हा बाइंडरने बाईंच्या खोलीत कपाटावर कॅमेरा बसवून घेतला. आता शेडमध्ये फोन खळीच्या डब्याला टेकून उभा असायचा आणि त्यात बाई दिसायच्या. कुठे जाणार नाही, मी डोळ्यांत तेल घालून बघतोय, असं त्याने लेकीला कळवलं.

२

अडचण अशी होती की वायफायचं यंत्र पुढच्या खोलीत, आणि शेडपर्यंत पोहोचता पोहोचता त्याचा जीव जायचा. पत्र्याखाली मोबाइलची रेंज तर नावालाही नव्हती. बाई दिसायच्या, थांबायच्या, चौकोन चौकोन होऊन विरघळायच्या. लेकीने एक पेटी पाठवली. तळहाताएवढी, पांढरी, दोन कान उभे केलेली. वायफाय पुढे वाढवून देते म्हणे. बाइंडरने ती आपल्या टेबलाशेजारच्या प्लगमध्ये खोचली. जिथे दुखतं तिथेच मलम, असा साधा हिशेब.

चित्र आलं, पण रमतगमत. एकदा तो बाईंना पाणी देऊन शेडमध्ये परतला, टेबलाशी बसला, आणि फोनमध्ये तो स्वतःच पेला घेऊन खोलीत शिरताना दिसला. डोक्यामागचं टक्कल एवढं वाढलंय हे त्याने तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्याला हसू आलं. फोनमधल्या बाइंडरने पेला ठेवला, बाईंकडे न बघताच वळला आणि निघून गेला.

बाईंच्या पलंगामागे भिंतीवर घड्याळ होतं, तेही चित्रात दिसे. त्याने ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. चित्र चाळीस सेकंद मागे होतं. तीस सेकंदांत फाटक, आणि चाळीस सेकंद उशीर. म्हणजे त्याला बाई पलंगावर बसलेल्या दिसत असतील तेव्हा त्या रस्त्यावरही असू शकतील. त्याचं हसू मावळलं. त्या दिवशी एका शब्दकोशाची पाठ त्याने उलटी चिकटवली.

३

इंटरनेटवाला इतका उंच होता की खांबावर चढायला त्याला शिडी लागत नसे, म्हणून सगळे त्याला बिनशिडी म्हणत. बाइंडरने फोनवर गाऱ्हाणं घातलं तसा तो आधी मनसोक्त हसला.

"काका, पेटी कुठे लावलीत? शेडमध्ये? अहो, जिथे तिला काही ऐकूच येत नाही तिथे ती पुढे सांगणार काय? ती निम्मा वेळ ऐकते आणि निम्मा वेळ ऐकलेलं बोलते, म्हणून आधीच वेग अर्धा. तिला नीट ऐकू येईल अशा जागी ठेवा. बरोबर अर्ध्या वाटेवर."

अर्धी वाट काढायला दुसऱ्या कुणी पावलं मोजली असती. बाइंडरने शिवणीचा दोरा घेतला. पुढच्या खोलीतल्या यंत्राला त्याचं एक टोक बांधलं, दोरा बाईंच्या खोलीतून, बोळातून, स्वयंपाकघरातून, अंगणातून ओढत शेडमधल्या टेबलापर्यंत नेला, तोडला, दुमडला आणि मधोमध गाठ मारली. मग तो पुन्हा जसाच्या तसा पसरला आणि गाठ शोधत आत आला. बाई पलंगावरून हे सगळं मोठ्या कौतुकाने बघत होत्या.

गाठ बाईंच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर आली होती.

ती लाकडी खुर्ची तिथे दोन वर्षांपूर्वी त्यानेच आणून ठेवली होती, बाईंजवळ बसायला म्हणून. आता तिच्यावर धुतलेल्या चादरींचा ढीग होता. बरोबर खुर्चीमागे भिंतीत प्लग होता. त्याने चादरी उचलून कपाटात टाकल्या, पेटी खोचली, दोरा गुंडाळला. पेटीवरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. "बसा की," बाई रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या. त्याला वाटलं, आपल्यालाच म्हणाल्या. खळ वाळली की आलोच, असं म्हणून तो शेडकडे वळला.

४

चित्र आता आरशासारखं स्वच्छ होतं. बाईंच्या चादरीवरची फुलं मोजता यावीत इतकं. खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन फरशीवर पसरलं होतं आणि पडदा हळूहळू आत येत होता, बाहेर जात होता. ते बघता बघता डोळे जड व्हावेत असं काहीतरी त्या चित्रात होतं.

तीनला दहा मिनिटं असताना तो बाईंना चहा द्यायला गेला. पेला त्यांच्या हातात दिला, बिस्कीट दिलं, खुर्चीच्या पाठीला हात टेकून मिनिटभर उभा राहिला आणि परतला. शेडमध्ये येऊन हात पुसले आणि फोनकडे पाहिलं. तो खुर्चीवर बसलेला होता.

आली का पुन्हा तीच रड, असं म्हणत त्याने बिनशिडीला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या. चित्र परत मागे पडलंय. थोड्या वेळात आपण उठू आणि जाऊ. त्याने एका पुस्तकाच्या पाठीवर खळ फिरवली, कापड चढवलं, कडा दुमडल्या. फोनमधला तो उठला नव्हता. पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून, बाईंकडे बघत बसला होता.

मग बाइंडरच्या लक्षात आलं की आपण तर बसलोच नव्हतो.

त्याने घड्याळाकडे पाहिलं. चित्रातल्या भिंतीवर तीन वाजून बारा मिनिटं. मनगटावरही तीन बारा. सेकंदकाटासुद्धा पावलाला पाऊल लावून चाललेला. म्हणजे चित्र मागे नव्हतं. पडदा हलत होता, म्हणजे ते थिजलेलंही नव्हतं. पुस्तकं बांधण्यात हयात गेलेला माणूस तो, एका पुस्तकाची पानं दुसऱ्यात शिवली गेल्याचं त्याने कित्येकदा पाहिलं होतं. तसंच काही असेल, त्याने मनाची समजूत घातली. ऐकून पुढे सांगणारी पेटी आहे, सांगताना थोडं पदरचं घालत असेल. माणसं नाही का घालत?

फोनचा आवाज त्याने बंद ठेवलेला असे. तो बोट लावून वाढवला. "क्रमांक नऊ," बाईंचा वर्गातला खणखणीत आवाज आला. "हजर," खुर्चीतला म्हणाला. आपला आवाज बाहेरून ऐकला की माणसाला चटकन ओळखू येत नाही, पण तो खाकरला तेव्हा बाइंडरने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. चाळीस वर्षं पुठ्ठ्याची धूळ गिळलेला तो घसा दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं.

तो उठला. अंगण, स्वयंपाकघर, बोळ. बोळात पोहोचला तेव्हा बाईंचं हसू ऐकू आलं. गेल्या वर्षभरात तो त्या हसण्याला पारखा झाला होता. त्याने दार लोटलं. खुर्ची रिकामी होती. बाई चहाचा रिकामा पेला मांडीवर धरून शांत बसल्या होत्या, आणि बेचाळीसच्या बेचाळीस मुलं सापडल्यासारखं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

५

चार दिवस असंच चाललं. तीन वाजता फोनमधल्या खुर्चीत तो असायचा. येताना कधी दिसला नाही आणि जाताना तर नाहीच. बाइंडर मान खाली घालून सुईत दोरा ओवायचा, वर बघायचा, तेवढ्यात तो आलेला असायचा. कधी बाईंचे केस विंचरायचा. कधी नुसताच त्यांच्या बोटांशी खेळत बसायचा. बाइंडर आता फोनकडे कमी बघायचा. बघावं लागत नव्हतं, कारण बाई जागच्या हलत नव्हत्या. त्याचं काम मात्र सपाट्याने चाललं होतं. एका वाचनालयाची चाळीस जुनी पुस्तकं शनिवारपर्यंत द्यायची होती.

पाचव्या दिवशी वायफायवरून लेकीचा फोन आला. कॅमेऱ्याचं चित्र तिच्याही फोनवर दिसायचं, हे तो पार विसरून गेला होता.

"बाबा, रोज बघतेय मी," ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "तुम्ही दुपारभर आईजवळ बसता. तिचे केस विंचरता. लहानपणापासून तुम्हाला असं बसलेलं मी पाहिलंच नाही हो. त्या जागेला मी नको म्हणून कळवलंय."

खरं सांगायची वेळ ती होती. ते त्यालाही कळत होतं. पण काय सांगणार? त्याने समोरच्या शिकंज्याकडे पाहिलं, बोटांवर वाळलेली खळ नखाने खरवडली आणि म्हणाला, "जमेल तेवढं बसतो." फोन ठेवल्यावर त्याला इतकी लाज वाटली की त्या दिवशी तो एकटाच शेडमध्ये जेवला.

संध्याकाळी त्याने बाईंना विचारलं, दुपारी तुमच्याजवळ कोण येऊन बसतं. बाईंनी बराच विचार केला.

"हजेरीला असतात ते," त्या म्हणाल्या. "नवीन आहेत. पण नियमित आहेत."

"आणि मी?"

बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं, बोटांवरच्या खळीकडे पाहिलं. "तुम्ही बाइंडर ना?" त्यांनी अदबीने विचारलं. "पुस्तकं झाली का तयार?"

६

मत्सर हा शब्द बाइंडरने आयुष्यात कधी स्वतःसाठी वापरला नव्हता. पण त्या रात्री तो कूस बदलत राहिला आणि सकाळी उठला तो निश्चय करूनच. आज तीन वाजता आपण स्वतः जाऊन बसायचं. त्या उपऱ्याला खुर्ची मिळता कामा नये.

पावणेतीनच्या पुढे तो खोलीत गेला. पेटीचा प्लग खुर्चीच्या मागे, खाली. वाकायला कंबर तयार होईना, म्हणून तो खुर्चीवर बसला, मागे हात घालून चाचपडला आणि पेटी उपटून काढली. ती ऊन लागलेल्या दगडासारखी गरम होती. बाई त्याच्याकडे बघत होत्या. "पाच मिनिटांत आलोच," तो म्हणाला. शेवटच्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावून ठेवली होती, ते शिकंज्यात चढवलं की झालं.

शेडमध्ये त्याने पुस्तक चढवलं. मग दिसलं की आधीच्या पुस्तकाचं कापड एका कोपऱ्यात सुटलंय. ते उकलून पुन्हा बसवावं लागलं. सहज नजर फोनकडे गेली, आणि तो रागाने लाल झाला. पेटी काढली तरी हा बाबा खुर्चीत हजर! बाईंच्या शेजारी निवांत बसलेला, एक हात मागे टाकून.

बस मग, बाइंडर मनात म्हणाला. बस तूच. आणि खरं सांगायचं तर रागाच्या तळाशी त्याला सुटल्यासारखंही वाटलं. बाईंजवळ कुणीतरी आहे. आता हा कोपरा नीट करू, मग एका पुस्तकाचा सुटलेला दोरा, मग जाऊ. त्याने फोनकडे तीन-चारदा पाहिलं. दोघं तसेच होते. पडदा हलत नाहीये, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. भिंतीवरचं घड्याळ तीनला पाच कमी दाखवतंय आणि तेवढंच दाखवतंय, हेही नाही.

फाटकाची कडी वाजली तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. समोरची शिंपीण बाईंना धरून आत आणत होती. बाईंच्या एका पायात चप्पल नव्हती, घोट्यापाशी रक्त होतं. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून त्या गाड्यांना क्रमांक विचारत होत्या, शिंपीण सांगत होती, एक टेम्पो अगदी हातभर अंतरावर येऊन थांबला. तुमचा फोन लागेना म्हणून मी तुमच्या लेकीला कळवलंय, असंही तिने सांगितलं.

तो शेडमध्ये धावला. फोनमध्ये अजून तीनला पाच कमीच होते. खुर्चीतला माणूस एक हात मागे टाकून पेटीचा प्लग चाचपडता चाचपडता थिजला होता. तो कुणी दुसरा नव्हता. बाइंडरने स्वतःलाच अर्धा तास डोळे भरून पाहिलं होतं, आणि स्वतःच्याच भरवशावर बाईंना सोडलं होतं.

लेक रागावली नाही, तेच जास्त लागलं. रविवारी येते, एवढंच ती म्हणाली. आईची बॅग मी भरेन, तुम्ही काही करू नका.

७

शनिवारी दुपारी बिनशिडी आला. बाइंडरने त्याला सगळं सांगितलं नाही. वेग कमी पडतोय, चित्र अडकतं, आणि उद्या लेकीला काहीतरी दाखवायला हवं, एवढंच सांगितलं. निदान चित्र क्षणाचाही उशीर न करता दिसलं पाहिजे. मग कदाचित ती आणखी एक संधी देईल.

"पेटीच नको," बिनशिडी म्हणाला. "सरळ वायर ओढतो पुढच्या खोलीपासून शेडपर्यंत. वायरीत ऐकणं नाही, बोलणं नाही. इकडे हललं की तिकडे हललं." त्याने पेटी खिशात टाकली आणि वायरीचं वेटोळं खांद्यावर घेतलं. शेडच्या बाजूने भोक पाडायला म्हणून बाइंडर मागे गेला. पत्रा जाड होता. तासभर तो तिथेच घाम गाळत होता. आतून ठोकाठोकीचा आवाज येत होता, मग बोळात, मग स्वयंपाकघरात. शेवटी वायरीचं टोक भोकातून आत आलं आणि पाठोपाठ दारातून वाकून बिनशिडी आला. बाइंडरला बघून तो थबकला.

"तुम्ही इकडे कधी आलात काका?"

"मी इथेच आहे. तासभर झाला."

बिनशिडीने मागे घराकडे पाहिलं. मग मान खाजवली. "आत्ता तर बाईंजवळ बसला होतात. खुर्चीखालून वायर घातली तेव्हा तुम्ही पाय वर घेतलेत," तो म्हणाला. "मी थँक्यूसुद्धा म्हणालो."

उन्हाने असेल, बिनशिडी मग स्वतःशीच पुटपुटला, सकाळपासून पोटात काही नाही. वायरीच्या टोकाला त्याने वायफायचं छोटं यंत्र जोडलं, फोनवर वेग मोजून दाखवला, तो पूर्वीच्या कितीतरी पट होता. मग चहाला न थांबता तो निघाला. जाताना घरातून न जाता अंगणाच्या कडेने गेला.

८

तीनला थोडा अवकाश होता. बाइंडरने फोन खळीच्या डब्याला टेकवला.

बाई पलंगावर बसल्या होत्या. घोट्याला पांढरी पट्टी. खुर्चीत तो होता. आज बाईंचा दुखरा पाय त्याने आपल्या मांडीवर घेतला होता आणि पट्टीवरून हात फिरवत होता. घड्याळाचा सेकंदकाटा मनगटावरच्या काट्याबरोबर चालत होता. पडदा आत येत होता, बाहेर जात होता. या वेळी बाइंडरने सगळं तपासलं.

मग त्याने लाकडी हातोडा उचलला आणि टेबलावर एकदाच मारला.

फोनमध्ये बाईंनी त्याच क्षणी मान वळवली, आवाजाच्या दिशेने. खुर्चीतल्यानेही वळवली. त्याच्या चेहऱ्यावर ना भीती होती ना आश्चर्य. आतल्या खोलीत काम करणाऱ्या माणसाच्या हातून काही पडलं की घरचा माणूस जसा कानोसा घेतो, तसा त्याने घेतला, आणि पुन्हा पट्टीवरून हात फिरवायला लागला.

बाइंडरने हातोडा खाली ठेवला. फोन तिथेच राहू दिला. अंगणात ऊन इतकं स्तब्ध होतं की आपण चालतोय की अंगणच आपल्याखालून सरकतंय हे त्याला कळेना. स्वयंपाकघर. बोळ. बोळाच्या कडेने नवी वायर गेली होती, भिंतीला धरून, खिळ्याखिळ्यावर. आतून दोन आवाज येत होते. एक बाईंचा. तो दाराशी पोहोचला आणि दुसरा थांबला.

खुर्ची रिकामी होती. बाईंचा पाय तिच्या काठावर टेकलेला, कुणीतरी अलगद उचलून ठेवावा तसा.

"आलात?" बाई म्हणाल्या. "बसा ना. किती वेळ उभे राहाल?"

त्याने बाईंचा पाय उचलला, स्वतः बसला आणि पाय मांडीवर घेतला. खुर्चीची बैठक उबदार होती. बाईंची टाच किती खरखरीत झालीय हे त्याला माहीत नव्हतं. त्यांच्या डाव्या पायाच्या करंगळीला एक जुना वण होता, तो कधीचा तेही माहीत नव्हतं. त्याला रडू यायला लागलं आणि त्याने येऊ दिलं. बाईंनी पदराने त्याचे डोळे पुसले. वर्गातल्या पोराचे पुसावेत तसे.

तेवढ्यात शेडमध्ये शिकंजा कुरकुरला.

दांडा एकदा फिरला. थांबला. पुन्हा फिरला, थोडा जोर लावून, कारण शेवटच्या आट्याला जोर लावावाच लागतो. ते बाइंडरला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"लागला कामाला," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, सवयीचं दुःख होतं. "येतो म्हणतो. येत नाही बिचारा."

मग शेडमधला फोन वाजायला लागला. लेकीचा असणार. उद्या किती वाजता पोहोचते ते सांगायला. बाइंडर उठायला गेला, पण बाईंचा पाय मांडीवर होता आणि बाईंनी त्याचं मनगट धरलेलं होतं. फोन चारदा वाजला. पाचव्यांदा वाजता वाजता मध्येच थांबला, कुणीतरी उचलल्यावर थांबतो तसा. दुपार इतकी शांत होती की अंगणापलीकडचा आवाज बोळातून सरळ खोलीत आला. खाकरून बोलणारा, पुठ्ठ्याच्या धुळीने बसलेला घसा.

"हो गं. आहे ना, बघतोय मी, दोघं बसलेत छान. खळ वाळली की जातोच."

कपाटावर कॅमेऱ्याचा बारीक दिवा लागलेला होता. त्या दिव्याच्या पलीकडे, खळीच्या डब्याशी, आपल्याकडे कोण बघतंय याचा विचार बाइंडरने अर्ध्यावर सोडला. ओरडून त्याला हाक मारावी, सांगावं की बाबा रे, उठ, ये इकडे, असं त्याला फार वाटलं. पण हाक मारली आणि तो आला, तर ही खुर्ची कुणाची, हे त्याला सांगता आलं नसतं.

बाईंनी त्याचं मनगट सोडलं, मांडीवरचं नसलेलं रजिस्टर उघडलं आणि पाठ ताठ केली. घड्याळात तीन वाजले होते.

"क्रमांक एक," बाई म्हणाल्या.

शेडमध्ये शिकंजा पुन्हा कुरकुरला.

"हजर," बाइंडर म्हणाला.